इनासची माफी

इनास रोचाने अंबाजीच्या ओटीवर पाय ठेवला, तशी नीराबाई हातातलं सूप आपटून उठली आणि मागच्या दाराकडे निघून गेली. नवऱ्याचा शेवट जवळ आलेला, आणि दारात कोण, तर इनास! अख्ख्या कोर्लईत तिला नको असलेला तोच एक माणूस होता.

इनास मनाची तयारी करूनच आला होता. पाद्रीबाबा दर रविवारी सांगायचे, वैऱ्यावर प्रेम करा. सांगायला काय जातं! इनासचा एकुलता एक मुलगा पास्कू या अंबाजीने खाल्ला होता. समुद्रात दोघांची जाळी बांधायचे खुंट शेजारी शेजारी, आणि जागेवरून भांडण पेटलेलं. एकोणीसशे बावीस सालच्या शिमग्यानंतर एका पहाटे अंबाजी पास्कूचं प्रेत होडीत घेऊन किनाऱ्याला लागला. लोकांनी जाऊन पाहिलं, तर इनासच्या जाळ्याचा दोर सुरीने कापलेला. आपलं जाळं वाचवायला पोरगा पाण्यात उतरला आणि बुडाला, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पंचांनी विचारलं, तेव्हा अंबाजीने नुसती मान खाली घातली.

गावाने त्याला वाळीत टाकलं. त्याची मासळी कुणी घेईना. पोरीचं, केसरचं, ठरलेलं लग्न मोडलं. इनास हे सगळं बघत होता, तरी त्याचा जीव शांत होत नव्हता. नऊ वर्षं तो चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना म्हणायचा आणि 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी आला की त्याचे ओठ मिटायचे. आता अंबाजी मरायला टेकला होता. आज जमलं नाही, तर ती ओळ जन्मभर अडून राहणार होती.

तो खाटेजवळ बसला. अंबाजीची नुसती हाडं उरली होती.

"अंबाजी, एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. माझा दोर तूच कापलास ना?"

"व्हय," अंबाजी म्हणाला. "मीच कापला."

"मग मी तुला माफ केलं," इनास म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. अंबाजीने हात उचलून त्याच्या पाठीवरून फिरवला.

इनास ओटीवर आला, तेव्हा त्याला फार हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा गर्वही वाटत होता. कधी एकदा पाद्रीबाबांना सांगतो, असं त्याला झालं होतं.

नीराबाई पायरीशी उभी होती.

"माफ केलंस म्हणे," ती म्हणाली. "नऊ वर्षं ह्यांनी मला शपथ घातली व्हती. पण हे न्हाय ऐकवत. पास्कू आमच्या जाळ्यात गावला, इनास. आमचा दोर कापायला आलेला. दोर पायात अडकला नि भरतीनं पोराला खाली ओढलं. मुठीत सुरी तशीच व्हती."

जेवताना रोज पास्कूसमोर अंबाजीचं जाळं तोडायची भाषा इनास स्वतःच करायचा.

"मग माझा दोर?" त्याने कसंबसं विचारलं.

"तो ह्यांनी मागाहून कापला. दुसऱ्याचं वाईट करताना मेलेल्याला तुमचा पाद्री देवळाच्या आवारात पुरू देत न्हाय, असं ह्यांनी ऐकलं व्हतं. तुझ्या पोराला जागा मिळावी म्हणून." ती पायरी चढून त्याच्यासमोर आली. "खरं हाय ना ते? देत न्हाईत ना?"

पाद्रीबाबांनी पास्कूला तरीही पुरू दिलं असतं. असल्या मेलेल्यांना त्यांनी आजवर कधीच अडवलं नव्हतं, हे इनासला पक्कं ठाऊक होतं.

"खरं हाय, वैनी," तो म्हणाला. "जागा दिली नसती."