खोली दाखवा

लुसाकातल्या एका ऑनलाइन विद्यापीठात परीक्षेआधी विद्यार्थ्यांची ओळख पडताळणं हे मुबिताचं काम. त्यांना तो दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. आज पडद्यावर नामासिकू आली, त्याची मुलगी. तिच्या लग्नावरून त्यानं धरलेला अबोला वर्षानुवर्षं कुणीच मोडला नव्हता. ओळखीचं कुणी आलं तर काम दुसऱ्याकडे द्यायचं, असा नियम होता. मुबिताचा हात बटणाकडे गेला आणि थबकला. "ओळखपत्र दाखवा," तो आवाज बदलून म्हणाला. तिनं दाखवलं. "खोली दाखवा. सावकाश." कॅमेरा फिरू लागला. शेगडी, दोरीवर वाळणारं, कमरेला गुंडाळायचं चितेंगे, जावयाचे बूट. मग चटईवर झोपलेलं तान्हं बाळ दिसलं. तिथं कॅमेरा थांबला. तिनं बाळाच्या तोंडावरची चादर हलकेच सारली. "परीक्षेला उशीर होईल," मुबिता कसाबसा म्हणाला. "होऊ दे, बाबा. तुमची नात आहे. डोळे भरून बघून घ्या."