साउंडबार

मोरूअण्णांना टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू येत नसे. रोज संध्याकाळी मालिका लागली की ते विचारत, "काय म्हणाली गो ती?" आणि सुनेत्राकाकू सांगत. चार वर्षं हे असंच चाललं होतं. शेवटी मुलाने फारच लकडा लावला, तेव्हा दोघं मारुती मंदिराजवळच्या दुकानात साउंडबार बघायला गेली. दुकानदाराने त्यांचीच मालिका लावून दाखवली. शब्द न् शब्द स्पष्ट!

मालिकेतली सासू सुनेवर कडाडत होती, "चालती हो माझ्या घरातून!"

अण्णा चमकले. "अगो, ही अशी काय बोलत्ये? कालच तर हिने सुनेला आपल्या पाटल्या दिल्यान!"

"नाही हो दिल्या," काकू खाली मान घालून म्हणाल्या.

"आणि तो नवरा? बायकोला पुढे शिकवणार होता ना?"

"कसला शिकवतोय! अहो, त्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. मीच आपलं जरा बरं करून सांगायचे."



"मग, हाच बांधून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको रे बाबा," अण्णा उठत म्हणाले, "आमची मालिका चांगली रंगात आल्ये. उगीच बिघडायची."