सारख्या उंचीचे खांब

"श्शी! या एका खांबानं सगळ्या पुस्तिकेची शोभा घालवली," साहेब म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर बोट दाबलं. बोटाचा तेलकट ठसा तिथेच राहिला.

शहरातल्या पाण्यात शिसं किती, हे दाखवणारी ती पुस्तिका. प्रत्येक वस्तीला एक पान आणि पानावर एक निळा खांब. आलेख काढणाऱ्या ताईनं सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली होती. बाकीचे खांब अंगठ्याएवढे, आणि नदीपलीकडच्या नव्या वस्तीचा पार पानाच्या टोकाला भिडलेला.

"पानं कशी एकसारखी दिसली पाहिजेत! या पानाची मोजपट्टी तेवढी बदल."

"साहेब, मग तिथलं पाणीही इतरांसारखंच दिसेल."

"आकडा खराच राहील की! टाक कोपऱ्यात, बारीक अक्षरात. ज्याला वाचायचंय तो वाचेल."

ताईला त्या ठशाची किळस आली, साहेबांच्या गोड हसण्याची आली, माउसवरच्या स्वतःच्या हाताची तर सगळ्यात जास्त आली. पण हात काही थांबला नाही. खांब मुकाट्यानं अंगठ्याएवढा झाला. "आता कसं छान दिसतंय!" म्हणत साहेब चहाला गेले. ताईनं साबण लावून हात धुतले, मग पुन्हा धुतले.

पुस्तिका घरोघर गेली. सुबक मांडणीचं प्रशस्तिपत्र आलं, तेही भिंतीवर लागलं. ताईनं आपली खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली.

मग एके दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. नवऱ्याची बदली याच शहरात झाली होती. ताईला चकित करायचं म्हणून तिनं घर लागेपर्यंत अवाक्षर काढलं नव्हतं. पत्ता नदीपलीकडच्या नव्या वस्तीतला, हे ऐकताच ताई उठली. पर्ससुद्धा न घेता ती धावत सुटली.

दार उघडंच होतं. बहीण नळाच्या पाण्यात दुधाची पावडर कालवत होती. मांडीवर बाळ, पाय झाडत, बाटलीकडे झेपावत.

ताईनं बाटली हिसकावली आणि मोरीत ओतली. बाळानं टाहो फोडला.

"अगं, वेडबिड लागलं का तुला? आल्यापासून हेच तर पितोय तो!" बहीण ओरडली. "तुझीच पुस्तिका बघून घर घेतलंय, ताई. खांब सगळे सारखेच होते की!"