सिनेटरकडचा डबा

"डबा तू मागतोस की मी मागू?" प्रतिमाने पुलावरच विचारलं.

प्रल्हाद गाडी चालवत होता, म्हणजे गाडीत बसला होता. रेडमंडहून सिअ‍ॅटलला निघालेल्या सगळ्या गाड्या पावसात भिजत जागच्या जागी उभ्या होत्या.

"अगं, तो सिनेटर झालाय. सत्काराला चाललोय आपण."

"म्हणून काय? सिनेटरच्या घरी डबे नसतात?"

प्रल्हादने वायपर जोरात लावले.

रोहेलिओ त्यांचा जुना शेजारी. मेक्सिकोहून शिकायला आलेला, भिंतीपलीकडे राहायचा. प्रल्हादचे सगळे मित्र प्रतिमाला वहिनी म्हणत, त्यामुळे तिचं नावच वहिनी आहे अशी त्याची समजूत झाली होती. ती कुणी दुरुस्त केली नाही. सई झाली तेव्हा नागपूरहून प्रतिमाची आई आली. तिने डिंकाचे लाडू केले आणि आपलं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून शेजारी पाठवले. डबा रिकामा परत करायचा नसतो, हेही तिनेच त्याला हातवारे करून समजावलं. जरा जास्तच नीट समजावलं. डब्यात काय घालावं हे त्याचं ठरेना, आणि त्याच उन्हाळ्यात तो डब्यासकट मायदेशी परतला.

तिथे तो नगरसेवक झाला. "संपलं," प्रतिमा म्हणाली, "नगरसेवकाकडे गेलेली वस्तू कधी परत आलीये?" मग तो नगराध्यक्ष झाला. पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचा फोटो आला, तर तो मोठा करून करून प्रतिमाने मागच्या टेबलावर डबा दिसतो का ते पाहिलं. खासदारकीच्या वेळी तर तिने त्याच्यासाठी संकष्टी धरली. बडं पद मिळालं की माणसाला लाज वाटते, असा तिचा हिशेब. अख्ख्या मराठी मंडळात मेक्सिकोचे निवडणूक निकाल सांगू शकणारी ती एकटीच. एवढ्या काळात प्रल्हाद सीनियर इंजिनिअरचा प्रिन्सिपल इंजिनिअर झाला. फरक इतकाच, की खिडकी मिळाली.

संध्याकाळी दही लावताना विषय हमखास निघायचा. दही मात्र प्रतिमाचंच. एका तपकिरी मातीच्या भांड्यात ती ते असं लावायची, की न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून आलेल्या शोभनाकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी चांगलं म्हटलं. भांडं कुठून आलं, कुणाला आठवत नव्हतं. काही वस्तू घरात असतातच. त्यात विरजण ढवळता ढवळता जुनं अपार्टमेंट परत उभं राहायचं. कागदासारख्या भिंती. पलीकडे रोहेलिओचा भाषणाचा सराव, अलीकडे सईचं रडणं. ती रडायला लागली की तो थांबायचा, ती थांबली की पुन्हा "मित्रहो!" विरोधकांचा गोंधळ सहन करायला तो सईकडूनच शिकला, असं प्रल्हादचं प्रामाणिक मत होतं.

मग प्रतिमाची आई गेली. त्या वर्षी विमानं बंद होती. प्रतिमाने सगळं फोनवर पाहिलं. तेव्हापासून डब्याच्या विषयावर घरात कुणी हसत नव्हतं.

त्याच्या जुन्या विद्यापीठाने ठेवलेल्या सत्काराच्या हॉलमध्ये रोहेलिओला माणसांचा गराडा होता. केस पांढरे झाले होते. त्याने त्यांना पाहिलं आणि हार बाजूला सारून ओरडला, "वहिनी!"

सूत्रसंचालकाने तत्परतेने माइकवर जाहीर केलं, की मिसेस वहिनी यांचं आगमन झालेलं आहे.

मागावं लागलंच नाही. रोहेलिओने स्वतःच पिशवीतून डबा काढून प्रतिमाच्या हातात ठेवला. आत शेंगदाण्याची चिक्की होती. मेक्सिकोतही चिक्की करतात, हे एवढ्या निवडणुका पाहून तिला कळलं नव्हतं. तिने झाकण उलटसुलट केलं. आईच्या "मृणालिनी" या नावातला फक्त "मृ" उरला होता. बाकीचं नाव घासून घासून गेलं होतं.

"रोज वापरता?" तिने विचारलं.

"आई वापरते. टॉर्टिया यातच मऊ राहतात म्हणते. दुसऱ्या डब्याला हात लावत नाही." मग तो भाषणाआधी खाकरायचा तसा खाकरला. "वहिनी, एक विचारू? राग नका मानू. निवडून आलो की आई अभिनंदनाच्या आधी एकच गोष्ट विचारते. सई झाली तेव्हा ती माझ्याकडे आली होती. तिने तुम्हाला मिरच्या-चॉकलेटचं कालवण पाठवलं होतं. मातीच्या भांड्यातून. तपकिरी. तिच्या आईचं भांडं ते. म्हणते, आता तू एवढा मोठा झालास, आता तरी ते लोक भांडं परत देतील ना?"

प्रल्हादने हॉलचं छत बारकाईने पाहायला सुरुवात केली.

प्रतिमाने "मृ"वरून अंगठा फिरवला. मग अर्धी चिक्की रुमालात काढून घेतली, अर्धी आतच ठेवली, कारण डबा रिकामा कसा द्यायचा? झाकण घट्ट लावलं आणि डबा परत सिनेटरच्या हातात दिला.

"राहू दे तुमच्या आईंकडेच," ती म्हणाली, "भांड्यात दही लावलंय."