सगळ्यात हलकी

ग्राइंडरचा आवाज आला तेव्हा मयुरी जिनिंगच्या नळावर सुरभीचे हात धूत होती. लोखंड कापल्याचा आवाज. तिने नळ तसाच सोडला, दीड वर्षाच्या पोरीला कडेवर घेतलं आणि ट्रक तोलायच्या धर्मकाट्याकडे धावली.

काट्याच्या लोखंडी पाटावर तिच्या नवऱ्याची, धीरजची, लाल गाडी उभी होती. दोन सीटांची, बिनछताची, फायबरची. भोवती तशाच गाड्यांचे मालक, नागपूर-अमरावतीहून आलेले. दर उन्हाळ्यात केळझरजवळची ही जिनिंग मिल बंद पडली, कापसाचे ट्रक थांबले, की ते इथे जमत आणि आपापल्या गाड्या तोलत. ज्याची गाडी सगळ्यात हलकी, त्याला खांद्यावर उचलायचं आणि जेवणाचा पहिला घास त्याला भरवायचा.

पाटाच्या बाजूला स्टेपनी, जॅक, मॅट काढून टाकलेले. त्यांच्यावर सुरभीची निळी सीट, उलटी.

गाडीत कमरेपर्यंत वाकलेला माणूस बाहेर आला. वैभव, धीरजचा नागपूरचा मित्र. हातात ग्राइंडर.

"काय कापून राह्यले भाऊजी?"

"काही नाई वहिनी, खालचा अँगल. फालतू वजन होतं." वैभवने कपाळ पुसलं. "माझी अन् धीरजची बरोबरी झालती. म्हटलं, बाप झाला बिचारा, जिंकू दे यंदा. स्वतःच्या हातानं हारून राह्यलो मी! अशी दोस्ती पाहाले भेटन का कुठं?"

सगळे हसले.

तो अँगल मयुरीने स्वतः उभं राहून वर्ध्याच्या वेल्डरकडून बसवून घेतला होता. त्याच्यावर सुरभीची सीट बोल्टने आवळलेली असे. सीट नसेल तर पोरगी गाडीत बसणार नाही, हे घरात ठरलं होतं. गाडीत तिसरी जागा नाही, म्हणून बाप-लेक गाडीत आणि मयुरी मागून स्कुटीवर, अशी ती वर्ध्याहून आली होती. सगळा रस्ता त्या निळ्या सीटवर नजर ठेवून.

"दहानं कमी!" जिनिंगचे मालक बंडूजी काट्याच्या खोलीच्या खिडकीतून ओरडले. ट्रकचा काटा, दहा-दहा किलोनेच सरकायचा; त्याखालचं वजन त्याला दिसायचंच नाही. "धीरज जिंकला रे!"

शिट्ट्या झाल्या. धीरज दोघांच्या खांद्यावर चढला. तिथूनच त्याला मयुरी दिसली.

"मयुरी, फोटो काढ ना!"

"घरी जाताना कुठं बसन ही?"

"कोण?"

मयुरीने पोरीला कडेवर वर सरकवलं. सुरभी बापाला पाहून हात हलवत होती.

धीरज खाली उतरला. जवळ येऊन आवाज बारीक करून म्हणाला, "तुह्या स्कुटीवर समोर उभी कर. ओढणीनं बांधून घेजो. हळू हळू चाल."

"हायवेवर? ट्रकांच्या मंधातून?"

"उद्या जोडून देतो ना. काऊन सगळ्यांसमोर तमाशा करून राह्यली?"

"वहिनी, तुम्ही लय टेन्शन घेता," वैभव म्हणाला. "आमचे बाबा आम्हा चौघा भावांले एका स्कुटरवर नेत. जिवंत आहो ना आम्ही?"

"जे नाई राह्यले, ते येत नाईत सांगाले."

कोणीतरी खोकलं. कोणीतरी मोबाइलवरचं गाणं बंद केलं. मयुरी वळली. स्कुटी ढकलत फाटकापर्यंत नेली, बरोबर मधोमध आडवी लावली. चावी पर्समध्ये टाकली. जिनिंगला दुसरं फाटक नव्हतं.

"आता कोणीच नाई जात. वेल्डर बोलवा."

"अगं, रविवार आहे!"

"सकाळी सेलूजवळ या डॉक्टरसाहेबांच्या गाडीची क्लचची तार तुटली, तवाही रविवारच होता." तिचा आवाज चढला. "तवा सगळेच्या सगळे गाडीतून उतरले. एक जण पांढऱ्या शर्टात रस्त्यावर निजला गाडीखाली. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. म्हटलं, किती चांगली माणसं आहेत. मंग ही काऊन नाई तुमच्यातली? ही बी तुमच्याच गाडीतून आली!"

डॉक्टरसाहेब आपल्या गाडीच्या आरशाकडे बघत राहिले.

शेवटी बंडूजींनीच फोन लावला. "येतो म्हणते," ते म्हणाले, "जेवून."

धीरजने गाडी पाटावरून उतरवून निंबाच्या सावलीत लावली. मयुरीजवळून जाताना न बघताच पुटपुटला, "जिंकलो होतो मी. दोन मिनिटं तरी खुश राहू द्यायचं होतं."

सावलीत पानं मांडली जात होती. कोणी तिला जेवायला हाक मारली नाही, आणि मारली असती तरी ती फाटकाजवळून हलली नसती.

सुरभी कडेवर चुळबुळली, खाली घसरली. मयुरीने दोन्हीकडे पाहिलं. एकही गाडी सुरू नव्हती. तिने पोरीचं बोट सोडलं.

सुरभी दुडुदुडु काट्याच्या पाटावर गेली. मधोमध उभी राहिली. तापलेल्या लोखंडावर तिने बुटाचा पाय आपटून पाहिला. आवाज आवडला तिला. आईकडे बघून हसली, मग दोन्ही पाय घट्ट रोवून उभी राहिली.

मयुरीने खिडकीवरच्या लाल आकड्यांकडे पाहिलं.

शून्य.

ती बराच वेळ पाहत राहिली. आकडा हलला नाही.