पाच ओळी आणि डावा अंगठा

कॉटन हा शब्द मुळात अरबी. कुत्न.

त्या उन्हाळ्यात दारव्ह्याला दिवसाचे बारा तास वीज नसे.

इंग्रजांनी आपली गोणी नेली आणि तिची गनी करून टाकली.

आर्णीची जीप भरल्याशिवाय हलत नाही; भरली की कुणासाठी थांबत नाही.

इंग्रजीत ‘मी’ वाक्यात कुठेही आला तरी मोठ्या अक्षरात उभा राहतो. ‘तू’ला तो मान नाही.

यातलं पहिलं, तिसरं आणि पाचवं हाफिजभाई तहसीलबाहेरच्या पत्र्याखाली टाइपरायटर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. दुसऱ्यामुळे आणि चौथ्यामुळे त्यांची लेक निलोफर आज घामाघूम होऊन टेबलासमोर उभी होती. आर्णीच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरणीची जागा निघाली होती. अर्ज टाइप केलेलाच हवा, तोही आज तीनच्या आत. वीज नाही म्हणून कॉम्प्युटरवाल्याचं शटर खाली. राहिला अब्बांचा टाइपरायटर.

तिने कागद पुढे केला. पाच ओळी. हाफिजभाईंनी तो उलटून पाहिला. मागे कोरा.

“बाकीचा?”

“एवढाच आहे, अब्बा.”

“हा अर्ज हाय का तार? आर्णीले कोणी मेलं का?”

बाकावर सत्यशीलाबाई बसल्या होत्या. गावच्या हातपंपासाठी हा त्यांचा तिसरा अर्ज. कापूस बुडायला लागल्यावर पाहणीला दिल्लीची पथकं जिल्ह्यात फिरायला लागली, तेव्हापासून लोक हातपंपाचाही अर्ज इंग्रजीत मागत.

“ऐका, सत्यशीलाबाई, काय लिहिलं हिनं,” हाफिजभाईंनी मराठी करून वाचलं. “‘मी बी.ए. आहे. मला इंग्रजी शिकवता येतं. एक तास देऊन पाहा. नंतर मुलांना विचारा. मग ठरवा.’ मुलांना विचारा! याच्यात विनंती कुठं हाय? चरण कुठं हायेत?”

“पोरीच्या अर्जात ते आजन्म ऋणी टाका नं, भाऊ. माह्या हातपंपाले टाकलं होतं तुमी.”

“मग पाणी आलं का, मावशी?” निलोफरने विचारलं.

“नाई. पण अर्ज मोठा मस्त झालता.”

हाफिजभाईंनी चष्मा पुसला. “बेटा, तीस वर्षं झाले मले. साहेब वाचत नाई. साहेब पान पाह्यते. वरपासून खालपर्यंत काळं दिसलं, का समजते, माणूस अडचणीत हाय.”

“मी अडचणीत नाई, अब्बा. मले नोकरी पाह्यजे.”

“थोडं वाकलं त काय बिघडते?”

“तुमीच सांगता नं, इंग्रजीतला ‘मी’ ताठ राह्यते? त्याले साहेबाच्या पायावर आडवा टाकला त कसा दिसन?”

हाफिजभाईंनी यंत्रावर कागद चढवला.

“आर्णी, आर्णी! एक सीट!” रस्त्यावरून जीपवाला ओरडला.

पहिली ओळ नीट उमटली. दुसऱ्या ओळीच्या आधी बोट ‘नम्रपणे’कडे निघालं होतं, पण लेक डोक्यावर उभी होती, ते परत आलं. पाचवी ओळ संपली आणि खाली एवढं पांढरं पान उरलं की हाफिजभाईंना लाजल्यासारखं झालं. पाहुण्याला जेवायला बसवावं आणि ताटात नुसतं मीठ वाढावं, तसं. त्यांनी डोळे मिटून उसासा टाकला. तेवढ्यात हातांनी रूळ फिरवला, कागद वर सरकवला, उजव्या कोपऱ्यात टकटक केली आणि कागद ओढून बाहेर काढला.

निलोफरने वाचला. वरच्या पाच ओळी बरोबर होत्या. खाली रेघांची एक रिकामी चौकट, आणि तिच्याखाली चोख इंग्रजीत: अर्जदाराच्या डाव्या हाताचा अंगठा.

“अब्बा!”

हाफिजभाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. चौकट तिथेच होती. तीस वर्षं त्या टेबलावरून उठणाऱ्या जवळपास प्रत्येक अर्जाला ती चौकट लागत आली होती. समोर बी.ए. उभी आहे, हे बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“थांब, दुसरा चढवतो. पाच मिन्टं.”

“शेवटची सीट! चाला लवकर!” जीप गुरगुरली.

“इंग्रजीची मास्तरीण, आन निशाणी अंगठा!” सत्यशीलाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “माह्यासारखीच झाली व बाई!”

निलोफरचा चेहरा रडू की हसू असा झाला. मग तिने शाईचा पॅड ओढला, डावा अंगठा दाबला आणि चौकटीच्या बरोबर मध्ये उठवला. शेजारी, रेघा ओलांडून जाईल एवढी मोठी, इंग्रजीत सही ठोकली.

“घ्या. भरलं आता पान?” असं म्हणून, कागदाला शाई लागू नये म्हणून जांभळा अंगठा वर धरून, ती जीपकडे पळाली.

तिला घेऊन गेलेल्या जीपची धूळ खाली बसली. सत्यशीलाबाई बाकावरून पुढे सरकल्या.

“भाऊ, माहा अर्ज बी पाच ओळीचाच करा. ते चरण काढा. ते आजन्म ऋणी काढा.”

“सगळंच काढलं त मंग राह्यलं काय त्याच्यात?”

“हातपंप.”

मास्तरणीची तीच जागा फेब्रुवारीतही निघाली होती. तेव्हा शाळेकडे एकवीस अर्ज गेले. त्यातले चौदा हाफिजभाईंनी टाइप केलेले, दोन-दोन पानांचे. त्या चौदांपैकी बोलावणं एकालाही आलं नव्हतं.