स्थळ बघितलं

बहात्तरच्या दुष्काळात रखमाजी आपल्या हौसासाठी जामखेडकडं मुलगा बघायला गेला आणि संध्याकाळी मोठ्या खुशीत घरी आला. "काय बैलं हायत गं त्यांची! असल्या सालातबी अंगावर बसलेली माशी घसरंल," तो बायकोला सांगत सुटला. मुलगा कसा आहे, असं चांगुणाबाईनं विचारलं, तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, "हुता की. बैलांपशीच उभा हुता."

चांगुणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून स्वतःच गेली. परत आली ती हरखूनच. "आवं, परसात हीर हाय, अन् हिरीला पानी हाय! पोरीला डोईवर घागर घेऊन रानोमाळ हिंडाया नको."

"आन् मुलगा?"

चांगुणाबाई ओशाळली. "त्यानंच पोहरा शेंदून पानी दिलं. पर माझं सारं ध्यान हिरीत."

मग मुलगाच हौसाला बघायला आला. आईनं बजावलं होतं तशी ती खालच्या मानेनं चहा ठेवून आत गेली. चांगुणाबाईला कसंतरीच झालं. मागोमाग जाऊन ती हळूच म्हणाली, "तुला तर मान वर करू दिली न्हाई गं. आता पसंत हाय का न्हाई, कसं सांगशील?"

हौसानं चुलीकडं तोंड फिरवलं.

"हसला की एकाच गालाला खळी पडती. अन् सदऱ्याचं वरचं बटन तुटलंय, ते मी लावीन."